एकावरच खूण करा

फॉर्मवर चौथा रकाना: आवाजाचे स्वरूप.
खाली चार इंग्रजी शब्द, चार चौकोन,
आणि अगदी बारीक अक्षरात:
एकावरच खूण करा.

क्लँग. स्क्रीच. ब्लेअर. रंबल.

शब्दकोश काढला, आठवीत बक्षीस मिळालेला,
पुठ्ठा सुटलेला.
पहिल्यापुढे: कर्कश आवाज.
दुसऱ्यापुढे: कर्कश आवाज.
तिसऱ्यापुढे: मोठा कर्कश आवाज.
चौथ्यापुढे गडगडाट,
पण गडगडतात ते ढग. वॅगनी काय करतात
ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

लीलाधर हरी भारंबे, भुसावळ यार्ड.
एकतीस वर्षं बाबा हातोडी घेऊन
उभ्या गाडीच्या कडेकडेनं चालले.
चाक ठण्ण बोललं की पुढचं.
थप्प बोललं की खडूनं फुली.
आता कुकर चार शिट्ट्या देतो
आणि ते पेपर वाचत बसतात.

लाइटबिलाच्या पाठीवर मी मोठ्या अक्षरात लिहिलं:
ब्रेक. कपलिंग. भोंगा. भरलेली मालगाडी.
यात फरक काय?

त्यांनी पेन घेतलं नाही.
मागच्या दाढेवर बोट ठेवलं: ब्रेक.
कोपराच्या हाडावर: कपलिंग.
भोंगा दोन भुवयांच्या मधे.
मालगाडीसाठी चप्पल काढली,
तळवा फरशीला टेकवला.
"हे तयपायातून चढते. पोटात थांबते."

मग कान कोणत्या आवाजानं गेले?
लिहिलं, तर हसले.
"मले काय इचारते? कानाले इचार."

मी चारही चौकोनांवर खूण केली.
खिडकीतल्या माणसानं फॉर्म परत सरकवला,
ओठ न हलवता.

रविवारी बाजारात माठ घ्यायला गेलो.
सावलीतही रस्ता भाजत होता.
मी टिचकी मारली. टणटणीत.
बाबांनी एक तळहात माठाच्या पोटावर ठेवला,
दुसऱ्या हाताच्या पेरानं ठोकलं,
मान हलवली. "याले चीर हाये."
माठवाली उसळली: बहिऱ्यानं माझा माल नासवायचा?
मी तिच्या बाजूनं बोलले.
त्यांना ऐकू येत नव्हतं, म्हणून जरा जास्तच बोलले.

सकाळी उठले तर ओट्यापासून दारापर्यंत ओल.
बाबा फडकं पिळत उकिडवे बसलेले.
माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

नवा फॉर्म फ्रिजवर आहे.
चौथा रकाना कोरा.