रकाना अकरा

अकराव्या रकान्यात विचारलंय:
ही इमारत पूर्वी कधी खचली, कलली, सरकली आहे काय?
असल्यास तपशील.
तपशिलासाठी जागा दीड इंच.

चौरसिया म्हणतो, दीदी, 'नहीं' लिख दो,
भिंत तर रंगवलेली आहे, कोण बघतंय.
चांगला मुलगा आहे. हेल्मेट मांडीवर ठेवून बसतो,
चहा बशीत ओतून पितो,
आणि त्याला अजून तीन घरं गाठायची आहेत.

लोकमान्यनगरातलं हे घर काळ्या मातीवर उभं आहे.
वैशाखात तिच्या भेगेत हात कोपरापर्यंत जातो,
श्रावणात तीच फुगून कंपाउंडची भिंत ढकलते.
पागनीसांनी पाया पाच फूट घेतला.
सात हवा होता.
हे त्यांनी स्वतःहून सांगितलं, बयाणा घ्यायच्या आधी,
मुलीचा बाप स्थळाला सांगतो तसं,
की तिला झोपेत बोलायची सवय आहे.

मग दोघांनी मिळून कपाट सरकवलं.
मागच्या खोलीच्या कोपऱ्यात, भेगेवर आडव्या,
सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात तसल्या काचपट्ट्या,
दोन्ही टोकांना प्लास्टरचा गोळा, शेजारी पेन्सिलीने तारीख.
१४ मे ८९. तडकलेली.
२ जून ९४. तडकलेली.
'भूजनंतर'. हिचे तर तीन तुकडे.
९ मे २००६. अखंड.
अक्षर शरयूताईंचं. त्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या.
पुढच्या वर्षी त्या गेल्या. मग इथे कपाट आलं.
शेवटची काच अठरा वर्षं शाबूत होती
आणि हे कोणालाच माहीत नव्हतं.

मी एकतीस वर्षं आयुर्विम्याच्या कचेरीत होते.
माझ्या टेबलावर माणसांचे अकरावे रकाने यायचे.
पूर्वी कधी छातीत दुखलं? साखर? फेफरं?
नाही, नाही, नाही.
सगळ्यांच्या भिंती नुकत्याच रंगवलेल्या.
देवासच्या एका बाईचा दावा मी परत पाठवला,
नवऱ्याने साखर लपवली होती.
'माहिती दडविल्यामुळे नामंजूर', जांभळी शाई, हात माझा.
ती म्हणाली, एजंटाने सांगितलं तसं लिहिलं हो त्यांनी.
तिच्या पिशवीत भेंडी होती.
भेंडी का लक्षात राहिली, कळत नाही.

मी लिहिलं: होय.
दीड इंच पुरला नाही. मागे कागद जोडला,
सगळ्या काचा, सगळ्या तारखा.

सर्व्हेयर शुजालपुरकर आले. ओळंबा सोडला.
खिशातून गोटी काढून फरशीवर ठेवली,
ती न्हाणीघराकडे निघाली,
तिला काही घाई नव्हती.

पंधरवड्याने पॉलिसी आली, हप्ता सव्वापट.
आग लागली तर मिळेल. वीज पडली तर मिळेल.
दंगल, पूर,
वरून विमान कोसळलं तर त्याचेही.
जमीन हलून भिंत गेली, तर मात्र नाही.
म्हणजे या घराने आजवर जे एकच केलंय
तेवढं सोडून सगळ्याचा विमा आहे.

चौरसिया हेल्मेटचा पट्टा लावत म्हणाला, देखा?
मी पावतीला भोक पाडून ती फाइलला लावली.

पागनीस किल्ल्या द्यायला आले, तेव्हा पिशवीत रंधाही होता.
मागचं दार आषाढात अडकतं, म्हणाले,
पण तासू नका. दिवाळीपर्यंत आपोआप सुटतं.
मी एकदा तासलं होतं, त्याला बत्तीस वर्षं झाली,
अजून थंडीत त्या फटीतून वारा येतो.

मग रंधा कशाला, मी विचारलं.

त्यांनी तो माझ्या हातात दिला.
वाटला होता त्याहून जड निघाला.