कोल्हापूरची हवा

पेटी मीच आणली, एसटीत मांडीवर घेऊन.
सांगोल्याला कंडक्टरनं विचारलं, कॅसिओ का?
हो म्हणालो. एवढे पैसे मोजल्यावर
एक खोटं फुकट वापरता येतं.

वैदेही इंगवले म्हणून कुणी, तिची रायफल.
बँकेत लागली, खांदा दुखायचा, सोडलं.
पावती, दोन चाव्या, छऱ्यांचा अर्धा डबा,
आणि गालाच्या टेकूवर झिजून गुळगुळीत झालेली जागा,
रुपयाएवढी.

नळकांड्याच्या टोकाला इवलं घड्याळ,
काटा नव्वदवर.
स्रवंती म्हणाली, नान्ना, ही तिकडची हवा.
मी बघत राहिलो.
पंचगंगेकाठची ओली हवा
नीलम नगरच्या आमच्या शेडमध्ये, लोखंडात बंद.

शेड रिकामी आहे. सोळा माग भंगारात गेले,
त्यांच्या पायांचे बोल्ट तेवढे फरशीतून वर आलेले.
त्यांना चुकवत दहा मीटर भरले, भिंतीपासून दारापर्यंत.
वीतभर कमी पडलं.
म्हणून ती उंबऱ्याबाहेर उभी राहते.
समोर लोखंडी खोकं, खोक्यात घडी घातलेली चादर,
मोराची, शेवटच्या बीमवरची, खपली नाही ती.

मी जॉबर. तीस वर्षं धोटे हातात.
यंत्र घरात आलं की आधी उघडतो.
मुजावर सर म्हणाले, उघडू नका.
आधी जन्मतारीख वाचा.
वाचली, चष्मा कपाळावरून खाली ओढून.
दहा वर्षं आयुष्य, अकरावं सरत आलेलं.
असल्यात दोनशे बार भरायचे म्हणजे, सर म्हणाले,
आणि पुढं काही म्हणालेच नाहीत.

मग ती हवा सोडली.
पितळी चावी, अर्धा आटा.
स्रवंतीनं कान झाकले.
माझे कान मागांनी कधीच खाल्लेत, मी तळहात धरला.
गार!
एप्रिलात, पत्र्याखाली, त्रेचाळीस अंशांत
हाताला थंडी वाजली.
काटा शून्यावर गेला तरी मी हात काढला नाही.

नवं नळकांडं यायला चार महिने.
चार महिने ती बिनहवेची बंदूक धरून उभी.
खटका ओढायचा, काही सुटत नाही,
तरी कुठं लागलं असतं ते वहीत लिहायचं.
तिची आई विड्या वळता वळता विचारायची,
आज किती झाडल्या?
साठ.
खर्च?
काही नाही.
मग झाड की अजून चाळीस.

टेकू दोन बोटं वर घेतला.
झिजलेली जागा आता तिच्या हनुवटीखाली राहते.

पंप मी मारतो, गल्लीत, कडुनिंबाखाली.
शेडमध्ये अजून सूत तरंगतं,
एक तंतू आत गेला तर झडपेचं वाटोळं.
वीस दट्टे, मग थांबायचं,
पंप गार होऊ द्यायचा, असा नियम.
पंपाच्या आधी मीच तापतो.
छातीत तीस वर्षांचा कापूस आहे.
पण नियम बरा आहे,
का थांबलो ते कुणाला सांगावं लागत नाही.
शेजारचा गड्डम विचारतो, एवढा वेळ? ट्रकचं चाक आहे का?
साबणाचं पाणी लावून सांधा बघतो, पंक्चरवाल्यासारखा.
गळती मला ऐकू येणार नाही, बुडबुडा दिसेल.
नाही दिसला.

पहिला छर्रा.
मला आवाज आला नाही.
कागदावर एकदम भोक होतं,
काळ्याच्या बाहेर, डावीकडं, खाली.
वैदेहीच्या डोळ्याला ते बरोबर असेल.

स्रवंतीनं चकती धरली,
एकेक क्लिक ओठांत मोजत फिरवली.
मीही मोजलं, तिच्या ओठांवरून.
सातावर थांबली.
गाल टेकवला.