उरकुडे काकांना, निघण्याआधी

बसा काका. कूलरसमोर नका बसू,
पाणी उडवून राहिला तो,
तुम्हीच बनवलेला, मागच्या चैत्रात.
तिकिटं भिजतील.

बाहेर सेहेचाळीस. झाशी राणी चौकात
दुपट्ट्यांतून नुसते डोळे सिग्नलला थांबलेत,
आणि मी तुम्हाला सांगते आहे, स्वेटर घ्या.
हसा. काकू हसल्याच.

पण घ्या. एक जाडजूड नको, पातळ तीन.
आयर्लंडचं ऊन म्हणजे सरकारी कारकून:
खुर्चीला कोट टांगलेला, माणूस गायब.
येईल म्हणून बसायचं नाही,
आलं की लगेच कपडे वाळत घालायचे.

छत्री न्या, भरवसा ठेवू नका.
मेश्राम सरांची तिसऱ्या दिवशी उलटी झाली
आणि तिथल्याच एका पुलावर टाकून आले.
पाऊस वरून येत नाही म्हणाले, बाजूने येतो,
ओळख नसताना खांद्याला खांदा लावून चालतो,
बोलत काहीच नाही.
टोपीचं जाकीट घ्या, सीताबर्डीत मिळेल,
मे महिन्यात मागितलंत तर दुकानदार
तुमच्याकडे जरा बघेल, बघू द्या.

बूट ओले झाले की रात्री आत कागदाचे बोळे.
प्लगला तीन चौकोनी पाय.
बस आपणहून थांबत नाही, हात दाखवावा लागतो,
आणि उतरताना ड्रायव्हरला थँक्यू म्हणतात,
सगळेच, शाळेतली पोरंसुद्धा.
आपल्या आपली बसमध्ये म्हणून बघा एकदा, सराव होईल.

सावजी मसाला दोन पिशव्यांत बांधा.
संत्रा बर्फी नको हो काकू, दुधाचं काही चालत नाही,
सहारेबाईंची धरली विमानतळावर,
त्यांनी तिथेच, उभ्यानं, अर्धा किलो संपवली,
शेवटचा तुकडा त्या अधिकाऱ्याला दिला.
नाही घेतला त्याने.

जूनमध्ये रात्री दहालाही उजेड राहतो.
दिवेलागण घड्याळावर करा,
नाहीतर वाट बघता बघता जेवण राहून जाईल.

मी? मी कुठे गेले.
पासपोर्ट आहे माझा, सात वर्षांचा, कोरा.
परत येणारे फोटो दाखवतात पाच मिनिटं
आणि तक्रारी सांगतात तासभर.
तक्रारींतूनच मला तो देश पाठ झाला:
कुठली गल्ली चढाची, कुठल्या खिडकीला ओल.

काका इतका वेळ गप्प होते.
उठून त्यांनी कूलरची जाळी काढली,
वाळ्याचा सरकलेला पेंढा बोटांनी नीट केला,
पाणी उडायचं थांबलं.
तिकडे कूलर नाहीच का?
नाही काका.
पंखा?
पंखाही नाही, बहुतेक घरांत.
मग मे महिन्यात माणूस करतो काय दिवसभर?

अठ्ठेचाळीस मे त्यांनी इतवारीत पत्रा कापत काढले.
माझ्या ड्रॉवरमध्ये विम्याचे फॉर्म होते,
नाण्यांचा तक्ता होता, कॉर्कचा नकाशा होता.
यावर काही नव्हतं.

जाताना मी म्हटलं, खिशातला कांदा काढा,
तिथे लू लागत नाही.
त्यांनी तो माझ्या टेबलावर ठेवला,
किल्ल्या ठेवाव्या तसा.

काल निरोप आला, आवाजात. आधी नुसती सरसर,
मला वाटलं फोन बिघडला.
मग काका, हळू, कुणी झोपलं असावं शेजारी:
पोरी, पंप चालू राहिल्यावानी वाटून राहिलं इथं रात्रभर.
दोनदा उठलो बंद कराले.
दुसऱ्यांदा पोरगी आली मागून, म्हणे, बाबा, काय शोधता?
म्या म्हटलं, बटन.

इकडे कूलरच्या ओल्या वाऱ्यात
टेबलावरच्या कांद्याला
बोटभर हिरवी पात आली आहे.
फेकवत नाही.