तळटीप ४७

गाइड म्हणाल्या, विषय अजून अरुंद कर.
तेव्हा इंग्लिश कादंबरीचं एकोणिसावं शतक
सोडत सोडत मी येऊन थांबले
फक्त दिव्यापाशी:
संध्याकाळ होते, एक मोलकरीण दिवा आणते,
पडदे ओढते आणि
वाक्याबाहेर निघून जाते.
तिला बहुतेकदा नाव नसतं.
मी मोजले. चौसष्ट कादंबऱ्या, चारशे अकरा दिवे.

मोजायला चार वर्षं लागली.
सकाळी कारेलीबागच्या शाळेत नववीला व्याकरण,
दुपारी स्कूटीवरून युनिव्हर्सिटी,
लायब्ररीत पंख्याखालची जागा मिळाली तर ठीक,
नाहीतर घुमटाच्या बाजूला पायऱ्यांवर,
खारी शिंगची पुडी संपेपर्यंत एक प्रकरण.
वॉचमन विचारतो, बेन, केटलुं बाकी?
दांडिया बाजारात चिवडा घेताना सावंतकाकू,
अगं, ते पीएचडी झालं का?
जणू गॅसवर ठेवलंय काही, उतू जाईल.

कॉन्ट्रॅक्टर मॅडमना वाटतं
माझ्या वाक्यांत 'कदाचित' फार.
पेन्सिलीने त्या एकेक कदाचित खोडतात.
हात हल्ली थरथरतो त्यांचा,
रेघ लाटेसारखी उमटते.
जूनमध्ये रिटायर होणार. त्याआधी दे, म्हणतात.

मुदतवाढीचा अर्ज टाइप करत होते त्या रात्री
आईने विचारलं, म्हणजे नक्की काय लिहितेस?
मी मराठीत सांगितलं. पाच मिनिटांत संपलं.
इतकं लवकर संपलं याचंच वाईट वाटलं.
ती मटार सोलत होती. म्हणाली,
दिवा आणते ते ठीक,
पण काच कोण पुसतं?
पेटलादला आमच्याकडे ते माझं काम.
माझाच हात आत जायचा, लहान म्हणून.
आधी राखेनं, मग कोरड्या फडक्यानं.
हात मोठा झाला तेव्हा
काच शकूकडे गेली
आणि मला स्वयंपाकात घेतलं.

मी परत चौसष्ट कादंबऱ्या उघडल्या.
काच आठ ठिकाणी सापडली.
आठही वेळा ती पुसली गेली होती.
कुणाकडून, ते नाही.
नववीच्या पोरांना हाच प्रयोग शिकवते मी,
कर्ता गाळला तरी चालतो
असं फळ्यावर लिहून.

चौथं प्रकरण तिथून नव्याने लिहिलं.
मॅडमनी या वेळी समासात एकच शब्द लिहिला:
सोर्स?
आई, मी म्हटलं.
मग नोंद कर तिची. रीतसर. आडनाव आधी.

आडनाव आधी.
काचेतली ती बोटं फणश्यांची.
दिघे नंतर झाली,
आणि ताटातल्या तांदळात अंगठीने लिहून
प्रमिलाचीही मृणालिनी.
नियमपुस्तिकेत टोपणनावाला नियम आहे,
अनुवादकाला आहे, निनावीलासुद्धा आहे.
याला नाही.

आईला विचारलं तर म्हणाली,
आधार कार्डावर आहे ते टाक,
कुठे अडकत बसतेस, जून आला.

मी फणसे, प्रमिला असं टाकलं.
मुलाखत, वडोदरा, तारीख.
वर्णानुक्रमाने ती जाऊन बसली
दोन जाडजूड प्राध्यापकांच्या मध्ये.

प्रिंट घरी आणली.
तिने चष्मा लावला, बोट ठेवून वाचलं,
इंग्लिश तिला नावापुरतंच येतं.
पी एच का, म्हणाली,
शाळेत मी एफने लिहायचे.