कानोसा

डंडीत डिसेंबरचा दिवस साडेतीनलाच आटोपतो.
लॅबच्या फ्रिजमध्ये, चार अंशांवर,
माझे बुडबुडे कुपीत जागे.
प्रत्येक दोनशे नॅनोमीटरचा,
आत जड वायू, वर चरबीची साय,
इतकी पातळ की साय म्हणणं म्हणजे
दुधावर अन्याय.

सोमवारी ते सगळे एकमेकांना चिकटले.
तीन आठवडे तळाशी बसले, नासल्यासारखे.
फर्गसनं कुपी उजेडात धरली,
म्हणाला, "पुन्हा."

माझ्या खालच्या मजल्यावर इश्बेल गेडिस.
पंधराव्या वर्षी तागाच्या गिरणीत लागली,
तिशीपर्यंत मागांच्या खडखडाटानं कान नेले.
आता ओठ वाचते.
ताग तुमच्याकडूनच यायचा, म्हणते,
एकदा गठ्ठ्यात वाळका विंचू निघाला.
मी सांगते, बंगालचा तो, माझ्या साताऱ्याचा नव्हे.
"विंचवाला विचारायचं राहिलं," ती म्हणते.

एप्रिलमध्ये तिच्या स्वादुपिंडात गाठ सापडली.

तिच्या ओट्याशी उभं राहून, तोंड उजेडाकडे करून
मी हळूहळू सांगते:
कुणालाच ऐकू न येणारा आवाज असतो,
कातडी न कापता आत जातो.
पण ही गाठ घट्ट, गोठल्या खिरीसारखी,
औषध कडेलाच थबकतं.
म्हणून आधी रक्तातून बुडबुडे सोडायचे.
गाठीच्या नळ्या गळक्या, तिथून काही आत झिरपतात.
मग आवाज आला की ते थरथरतात,
फुगतात, आकसतात, फुटतात,
आणि त्या धक्क्यानं
औषधाला वाट होते.

"म्हणजे आवाजानं माझं काही बरंही होऊ शकतं,"
ती म्हणते. हसते की नाही, कळत नाही.
"कुणावर करून पाहिलंय?"
"उंदरांवर."
"किती टिकले?"
मी बोटं दाखवते. आठांतले पाच.
"आणि माणसांवर कधी?"
मी ओठ मिटते.
तिनं तेही वाचलं.

मग तिनं चहाचा कप बाजूला सारला
आणि मला गिरणीतली खूण शिकवली:
दोन बोटं हवेत कात्रीसारखी, म्हणजे
धागा तुटला, माग थांबव.
अंगठा तर्जनीवर फिरवला, म्हणजे
गाठ मारली, चालू दे.

आज रात्री नवी कुपी.
चिकटलेलं काही दिसत नाही, अजून तरी.
टाकीतल्या पाण्यावर बारीक शहारा,
बाकी खोलीत फ्रिजचीच घरघर.
काचेपलीकडून फर्गस भुवया उंचावून विचारतो, काय?

मी अंगठा तर्जनीवर फिरवते.
त्याला अर्थ ठाऊक नाही.