आवाजाचं बटण

एउलोखियोची गाडी सत्त्याऐंशी सालची,
रेडिओही त्याच सालचा, कॅसेट गिळणारा.
इथे पायसांदूत, नदीच्या या काठाला,
पलीकडच्या अर्जेंटिनाचीही स्टेशनं लागतात त्यावर;
वारा तिकडून असला तर ठणाणा,
नसला तर कुजबुज.

"बटण डुगडुगतंय, सुल्मा," तो म्हणाला,
"हातात येतं कधीकधी, दात पडावा तसं."
शेजारच्या सीटवर नेलिदा, मांडीत मातेचा थर्मास.
"नाही येणार तर काय!
जन्मभर पिरगाळतोय बिचाऱ्याला, आवाज वाढव, वाढव."
"आणि तू कमी कर, कमी कर."
खाटीकखान्यातल्या करवतींनी त्याचे कान खाल्लेले.
हिचे असे, की शेजारणीचं उतू गेलेलं दूध ऐकू यावं.

मी बटण ओढलं. विनातक्रार आलं.
आत मातेचा चुरा, कुठल्याशा सुट्टीतली वाळू
आणि एक लांब पांढरा केस.
दांडी एका बाजूनं तासलेली असते,
बटणाच्या भोकालाही तशीच सपाट बाजू लागते,
म्हणजे एकमेकांना धरून फिरतात.
हे भोक झिजून पार गोल झालेलं.
आतल्या स्प्रिंगच्या चिमटीचा पत्ता नाही.

बटण परत चढवून मी फिरवलं.
उजवीकडे. डावीकडे.
बटण फिरलं, दांडी जागची हलली नाही.

दांडीच्या मानेला हिरवट गंज होता,
एका उन्हाळ्याचा नव्हे.
पक्कडीनं धरली तेव्हा कुठे करकरत सुटली.

म्हणजे फुटबॉलच्या त्या सगळ्या रविवारी
त्यानं वाढवलेला आवाज वाढला नव्हता.
आणि हिनं "हं, आता माणसांसारखं झालं" म्हणत
कमी केलेला, तो तेवढाच राहिला होता.
तो वाढवायचा आणि मग खिडकीची काच वर चढवायचा.
ही कमी करायची आणि बोलायला लागायची.
बाकीचं वाऱ्यानं सांभाळलं.

मी मान वर केली नाही.
ताकास तूर लागू दिली नाही.

डिंक नको. डिंक ओघळून आत उतरला
की दांडी कायमची मुकी.
सार्डिनच्या डब्याच्या पत्र्यातून एक पट्टी कापली,
नखाएवढी रुंद,
कानशीनं कडा मारल्या,
दांडीच्या सपाट बाजूला बसवून जराशी वाकवली.
आत दोन थेंब स्पिरिट, खरखर गेली.
बटण दाबलं. टक्.
हा आवाज मला कुठल्याही मिलोंगाहून प्रिय आहे.

एउलोखियोनं फिरवून पाहिलं,
आणि आख्ख्या गल्लीत हवामानाचा अंदाज घुमला.
समोरचं कुत्रं उठून बसलं.
नेलिदानं झटक्यात उलट फिरवलं:
सामसूम.
दोघं एकमेकांकडे बघत राहिले,
अंधारात एक पायरी जास्त असावी तसे.

महिन्याभरानं ती एकटी आली, गाडी घेऊन.
गाडी ती कधी चालवत नाही;
दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत आणली होती सगळी वाट.
अंजिराच्या मुरंब्याची बरणी ठेवली माझ्या टेबलावर,
हातातली किल्ली उगाच या बोटातून त्या बोटात.

"फार छान केलंस गं.
पण आता ज्याचा हात बटणावर, त्याचंच राज्य.
काल आम्ही मर्सेडेसपर्यंत गेलो,
दोन तास,
रेडिओ बंद ठेवून."

मग थोड्या वेळानं, रस्त्याकडे बघत:
"ते पहिल्यासारखं डुगडुगतं करता येतं का?"

मी विचारलं नाही, तुला कधीपासून माहीत होतं.
तिनंही सांगितलं नाही.
दांडी पक्कडीनं मध्यावर आणली,
"इथे?"
तिनं कान देऊन ऐकलं.
"किंचित वर," ती म्हणाली, "त्याला कमी येतं."

ती पत्र्याची पट्टी अजून माझ्या खणात आहे,
स्क्रू आणि मेलेल्या फ्यूजांमध्ये,
त्या दांडीच्या मापाची वाकलेली.
दुसऱ्या कशालाच ती बसत नाही.