नावाचं टोक

सारंगखेड्यात आमच्या गल्लीतल्या दर दुसऱ्या घराला
सुरत ठाऊक आहे.
सुरत म्हणजे उधना, लिंबायत, चाळीत पाणी यायची वेळ,
पगाराची तारीख,
सुटीवर आलेला माणूस उगाच ओरडून बोलतो
ते यंत्रमागाचं बहिरेपण.
सुरतेला समुद्र आहे
हे कुणी बोलत नाही.

मीही एकोणीस वर्षं तिथं तुटलेला धागा जोडला
आणि पाणी पाहिलं ते नळाचं.

फुई म्हणाली, "माले दखाड."
फुईचं नाव तापी.
ती जन्मली त्या साली नदी उंबऱ्याला लागली होती म्हणून.
बासष्ट वर्षं ती आपल्याच नावात धुणं धूत आली.
"हाई माय कथी जास, ते एकदाव दखनं शे माले."

दोंडाईचाहून रात्रीची पॅसेंजर.
फडक्यात कळण्याच्या भाकरी, लसणाची चटणी,
आणि घडी घातलेलं एक रिकामं पोतं.
पोतं कशाला?
"दरसाल नारळ सोडस ना मी?
तठे जमा व्हयेल व्हतीन."
उकाईची भिंत मला आठवली.
मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

सकाळी आधी गोऱ्यांची थडगी लागली.
घुमट, खांब, वर जायला जिना,
कबुतरांनी पांढरी केलेली माडी.
पहारेकरी सांगत होता, वखारीचे साहेब,
धरणगावाकडून गाड्या भरून कापड यायचं,
खाडीच्या तोंडाशी जहाजं थांबायची.
फुईने मान वर करून नीट पाहिलं.
"मरनात, तरी माडी सोडी नही!"

कोपऱ्यात एक बुटका दगड होता, बिनघुमटाचा.
अक्षरं निम्मी झिजलेली.
बोट फिरवत जुळवली तेवढी जुळली:
कारकून. वय बावीस.
बाकी शेवाळ.

आमच्या खोलीतला झिपरू चोवीसचा होता.
तोही कापडासाठीच आला होता.
टेम्पोत बर्फाच्या लाद्या ठेवल्या होत्या,
नवापूर येईतो त्यांचं पाणी झालं,
आणि मी त्याचे पाय धरून बसलो होतो,
ओल्या चपलांत.
फुईला हे सांगितलं नव्हतं. तिथंही नाही सांगितलं.
तिने मात्र भाकरीचा तुकडा मोडून
त्या बुटक्या दगडावर ठेवला.
कबुतरं उतरली.

डुमसला ओहोटी होती.
उंट, भजी, भाजकं कणीस,
फोटोवाला पोरगा, आणि लांबवर
कुणी पुसून ठेवल्यासारखं पाणी.
मी म्हटलं, हाच.
फुई पाण्याकडे गेलीच नाही.
खाली बसली. मूठभर वाळू उचलली,
पेरणीआधी चोळतात तशी तळहातावर चोळली,
वास घेतला.
"बापू, हाई ते काळी शे.
आपली शे हाई."

शाळेत शिकलेलं काहीबाही ओठांवर आलं.
धरणात माती अडते, फुई.
ही वाळू कुठली कोण जाणे.
पण तिच्या नखांत ती बसली होती,
आणि मला गावच्या वाफ्यातून उठून आलेली फुई
अशीच दिसायची, रोज, दिवेलागणीला.

नारळ एकच सापडला.
किनाऱ्यावरच्या पोरांनी पाणी पिऊन टाकलेला, शहाळ्याचा.
ती म्हणाली, आपला नाही,
आणि तरी पोत्यात घातला.

परत आल्यावर तिने बाटलीतलं खारं पाणी
गल्लीतल्या बायांना तीर्थासारखं दिलं.
सखूबाईने तोंड वाकडं केलं,
लीलावैनी थुंकली,
फुई हसून हसून ओट्यावर आडवी.
उरलेलं कुठे गेलं, मला माहीत नाही.
बॅरेजच्या बाजूला पहाटे तिला पाहिलं म्हणतात.

रविवारी रात्री मी पुन्हा फाट्यावर उभा.
कंडक्टरने न विचारताच फाडलं तिकीट,
उधना, एक.
पुलावरून बस गेली तेव्हा
खाली पाणी अंधारात होतं, थांबल्यासारखं.
खिशात हात घातला
तर शिवणीत थोडी वाळू.